साडेतीनशे लिटर

घर बांधताना गच्चीवर किती लिटरची टाकी बसवायची, यावर आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. जेवढी मोठी बसेल तेवढी बसवा, हे उत्तर ठरलेलेच असते. नळाला पाणी सकाळी तासभर येणार, कुठे एक दिवसाआड येणार. मग दोन हजार लिटरची टाकी मावत असताना हजाराची कोण घेईल? पिंपे, हंडे, कळश्या, शेवटी पातेली आणि तांबेसुद्धा भरून ठेवण्याची सवय ज्यांच्या अंगात मुरलेली असते, त्यांना पाण्याच्या बाबतीत ‘पुरेसे’ हा शब्द ठाऊकच नसतो.

इंग्लंडमध्ये स्विंडन या शहरात राहणाऱ्या एका गोमंतकीय कुटुंबात मात्र या प्रश्नाने पुरे दोन महिने घेतले. टाकी गच्चीवरची नव्हती, व्हॅनमधली होती. आणि खरे सांगायचे तर प्रश्न नुसता टाकीचाही नव्हता.

स्विंडन हे लंडनच्या पश्चिमेला सव्वाशेएक किलोमीटरवरचे शहर. एके काळी ते रेल्वेच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध होते. तो कारखाना १९८६ साली बंद पडला. नंतर होंडाचा मोटार कारखाना आला, तोही २०२१ च्या जुलैत बंद झाला. आज तिथे मोठमोठी गोदामे आहेत, आणि त्या गोदामांत काम करणारे गोमंतकीय हजारोंच्या संख्येने आहेत. त्याचे कारण असे, की १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करून घेता येते. ब्रिटन युरोपीय संघात होता तोवर तो पासपोर्ट हाती आला, की तिथे जाऊन काम करायला कुणाची आडकाठी नव्हती.

या कथेतला गृहस्थ डिचोली तालुक्यातला. त्याचा गोव्यातला धंदा ट्रकचा. खाणीवरून लोहखनिज भरायचे आणि मांडवीकाठच्या धक्क्यावर बार्जसाठी ओतायचे, दिवसातून जेवढ्या फेऱ्या होतील तेवढ्या. एक ट्रक होता तोवर घर व्यवस्थित चालले होते. २०११ साली खनिजाला भाव होता, गल्लीतला प्रत्येक जण दुसरा ट्रक घेत होता, त्यानेही घेतला. बायकोला सांगितले ते कर्जाच्या कागदांवर सही झाल्यावर. पहिल्या हप्त्यांसाठी तिच्या बांगड्या गहाण पडल्या. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, आणि दोन्ही ट्रक अंगणात उभे राहिले. पावसाळ्यात चाकांभोवती गवत वाढले. मधे काही काळ खाणी पुन्हा सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. दुसऱ्यांदा गवत वाढायची वाट न पाहता त्याने ट्रक मिळेल त्या किमतीला विकले, वडिलांच्या जन्माच्या नोंदीपासून कागदपत्रे जमवली आणि २०१९ साली तो स्विंडनला आला. सहा महिन्यांनी ती आणि मुलगी आली.

बांगड्या सुटल्या नाहीत. त्याबद्दल ती कधी बोललीही नाही. न बोललेल्या गोष्टी संसारात किती जागा अडवून बसतात, हे सांगायला नको.

गोदामातली रात्रपाळी त्याला मानवली नाही. ट्रकवाल्याला बंद छताखाली चैन कसे पडणार? शनिवारी जादा पैशांसाठी तो एका वयस्कर इंग्रजाच्या हाताखाली खिडक्यांच्या काचा धुवायला जाऊ लागला. तिकडे हा स्वतंत्र धंदा आहे. घरे दुमजली, काचा मोठ्या, आणि घरकामाला माणूस ठेवणे कुणाला परवडत नाही. त्यामुळे दर महिन्या-दोन महिन्यांनी खिडक्या धुणारा येतो, बाहेरून काचा धुतो आणि जातो. घरी कुणी नसले तरी चालते. अशा बांधलेल्या घरांना ‘राउंड’ म्हणतात, आणि दुकान विकावे तसा हा राउंडही विकला जातो.

पूर्वी हे काम शिडी, बादली आणि रबरी पट्टीने होत असे. अजूनही काही जण तसेच करतात. पण शिडीवरून पडून माणसे जायबंदी होत, मरतही. २००५ साली उंचावरच्या कामासंबंधी नवे नियम आले, आणि जे काम जमिनीवरून होऊ शकते ते वर चढून करू नये असा दंडक झाला. तेव्हापासून लांब पोलच्या टोकाला ब्रश, त्यातून येणारी बारीक पाण्याची धार आणि खाली जमिनीवर उभा माणूस, ही पद्धत झपाट्याने पसरली. यात काच पुसायचीच नसते. ब्रशने मळ सोडवायचा, पाण्याने धुऊन काढायचा आणि तशीच वाळू द्यायची.

इथेच खरी मेख आहे. नळाचे पाणी काचेवर वाळले तर पांढरे डाग राहतात. स्विंडनचे पाणी चुनखडीच्या प्रदेशातले, फार जड. महिन्याभरात किटलीच्या तळाला क्षारांची पापडी धरते. म्हणून हे पाणी आधी पडद्याच्या गाळणीतून दाबाने ढकलतात, आपल्या घरातल्या आरओ यंत्रासारखेच. मग राळेच्या बारीक मण्यांतून नेतात. नळाच्या पाण्यात मीटर तीनशेच्या घरात आकडा दाखवत असेल, तर शेवटी तो शून्यावर यावा लागतो. दहाच्या आत असले तरी काच बिनडाग वाळते. असे पाणी वाटेत कुठे मिळत नाही. सकाळी घरून भरून न्यायचे, आणि संपले की दिवस संपला.

२०२४ च्या वसंतात त्या इंग्रजाचे गुडघे पार गेले. राउंडमधली निम्मी घरे त्याने याला देऊ केली, किंमतही वाजवी सांगितली. साठवलेले पैसे होते. पण ते घराच्या पहिल्या रकमेसाठी बाजूला ठेवलेले होते. नवरा-बायकोने दोन रात्री बसून हिशेब केला आणि ठरले: राउंड घ्यायचा, एक लहान जुनी व्हॅन घ्यायची, कर्ज काढायचे नाही. इथपर्यंत दोघांचे एकमत होते.

मग टाकी आली.

“साडेसहाशे लिटरची घेऊ,” तो म्हणाला. “एकदा भरली की दिवसभर बघायला नको. पुढे कामे वाढली तरी तीच चालेल.”

टाक्या विकणाऱ्यानेही त्याला तेच सांगितले होते. विकणारा दुसरे काय सांगणार? अडीचशे, साडेतीनशे, चारशे, पाचशे, साडेसहाशे अशा मापांत त्या मिळतात. लहान आणि मोठ्या टाकीच्या किमतीत फरक तसा थोडाच असतो. जेवढ्यास तेवढे पैसे मोजून जवळजवळ दुप्पट पाणी मिळत असेल, तर लहान टाकी घेणारा माणूस वेडाच म्हणायचा, असे प्रथमदर्शनी कुणालाही वाटेल.

“दिवसाला पाणी लागते किती?” तिने विचारले.

“लागते भरपूर.”

“भरपूर म्हणजे किती लिटर?”

त्याला सांगता येईना. पाच वर्षे शनिवार-शनिवार काम करूनही त्याने ते कधी मोजले नव्हते. पाणी मोजायचे असते हेच मुळी त्याच्या डोक्यात नव्हते.

ती एका वृद्धाश्रमात कामाला आहे. तिथे कुणी किती पाणी प्यायले, हेही दर पाळीला कागदावर लिहावे लागते. तिने मुलीची अर्धी कोरी राहिलेली वही काढली, रेघा मारल्या आणि त्याच्या हातात दिली. “येत्या शनिवारपासून लिहून आणा,” एवढेच म्हणाली. त्याला राग आला. आपल्या धंद्यातले हिला काय कळते, असेही मनात आले असेल. पण २०११ साली त्याने काही विचारले नव्हते, ही गोष्ट दोघांनाही आठवत होती. त्याने मुकाट्याने वही घेतली.

मोजण्याची रीत साधी होती. दहा लिटरची बादली घ्यायची, ब्रशची धार तिच्यात सोडायची आणि घड्याळ लावायचे. बादली सहा मिनिटे चाळीस सेकंदांत भरली; म्हणजे मिनिटाला दीड लिटर. आता प्रत्येक घरी धार किती मिनिटे चालू राहिली तेवढे लिहिले की झाले. आठ शनिवारांनंतर आकडे बोलू लागले. नेहमीच्या घराला बारा मिनिटे, म्हणजे अठरा लिटर. मागच्या बाजूला काचेची खोली असलेल्या घराला पंचवीस. पहिल्यांदाच धुतल्या जाणाऱ्या घराला मात्र चाळीस, कारण खिडक्यांच्या चौकटींतला वर्षानुवर्षांचा मळ दोन-दोनदा धुवावा लागतो. एकटा माणूस दिवसाला पंधरा घरे करतो असे धरले, तर साधारण दोनशे सत्तर लिटर. त्यात दोन घरे नवी असली, तरी सव्वातीनशेच्या आतच.

“मग साडेसहाशे कशाला?” ती म्हणाली.

“अगं, असू दे की जास्तीचे. पाणी काय खायला मागते?”

पाणी खायला मागत नाही, पण वजन करते. एक लिटर म्हणजे एक किलो, हे शाळेत शिकलेले गणित रस्त्यावर आले की फार कठोर होते. तिकडच्या प्रत्येक व्हॅनवर एक लहानशी पाटी असते, दाराच्या चौकटीपाशी किंवा बॉनेटखाली. तिच्यावर एकाखाली एक चार आकडे: भरलेल्या गाडीचे कमाल वजन, मागे गाडी जोडली तर दोहोंचे मिळून वजन, पुढच्या आसावर किती आणि मागच्या आसावर किती. यांच्या डोळ्यांसमोर असलेल्या व्हॅनचा पहिला आकडा १९६० किलो होता. रिकाम्या गाडीचे वजन पुस्तकात दिलेले असते, पण पुस्तकातल्या गाडीत पोल नसतात, नळीचे रीळ नसते, पंप आणि जादा बॅटरी नसते. म्हणून गाडी घेतल्यावर, टाकी घ्यायच्या आधी, तो सगळे सामान भरून वजनकाट्यावर गेला. अर्धी टाकी डिझेल आणि स्वतः चालक धरून काटा १४५५ वर थांबला.

राहिले ५०५ किलो. साडेसहाशेची टाकी तिच्या चौकटीसह शंभर किलोंची, आत पाणी साडेसहाशे किलो. गाडी २४५ किलोंनी जास्त भरणार. म्हणजे साडेबारा टक्के.

काट्यावरून परत येताना त्याला डिचोलीचा काटा आठवला नसेल असे होणार नाही. दहा टनांच्या ट्रकमध्ये किती टन जात हे त्या रस्त्यांवरच्या प्रत्येकाला माहीत होते. फेरीचे पैसे मालावर मिळत, आणि हप्ता दर महिन्याला भरावा लागे. चढावर इंजिन कण्हायचे, उतारावर ब्रेकच्या करपल्याचा वास यायचा. पाटे तुटायचे. एकदा एका वळणावर त्याच्या पुढचाच ट्रक कलंडला होता आणि लाल माती रस्त्यावर पसरली होती. चालक वाचला. सगळे थोडा वेळ थांबले, माल बाजूला ओढला आणि पुन्हा तसेच भरून निघाले.

घरी आल्यावर त्याने एक तोड सुचवली. “टाकी मोठी घेऊ, पण भरू अर्धीच. गरज लागली तर जागा असावी.”

तिने भाजी चिरता चिरता विचारले, “अहो, ट्रकच्या हौद्याचे फळके दहा टनांपुरतेच होते ना? मग वर ढीग कोण रचत होते?”

तो काही बोलला नाही. या एका वाक्यात बांगड्याही आल्या, ट्रकही आले आणि तेरा वर्षेही आली.

अर्ध्या भरलेल्या टाकीचा आणखी एक दोष असतो. तो त्या इंग्रजाने समजावून सांगितला. पूर्ण भरलेल्या टाकीतले पाणी हलत नाही. अर्ध्या टाकीतले पाणी मात्र ब्रेक लावला की पुढे धावते, वळलो की कडेला धावते, आणि गाडी थांबल्यावरही एक धक्का देऊन जाते. चांगल्या टाकीत यासाठी आतून पडदे घातलेले असतात. त्यांच्या भोकांतून पाणी हळूहळू जाते. तरीही सव्वातीनशे किलो पाणी आपल्या पाठीमागे हिंदकळत असताना ओल्या रस्त्यावर अचानक ब्रेक लावणे ही काही सुखाची गोष्ट नाही.

त्याहून मोठी गोष्ट टाकी बांधण्याची. काही लोक टाकी मालाच्या पट्ट्यांनी आवळतात आणि निर्धास्त होतात. ताशी तीस मैलांच्या वेगात गाडी कशावर आदळली, तर सुटा माल आपल्या वजनाच्या दहा-पंधरा पट जोराने पुढे येऊ शकतो. चारशे किलोंची टाकी म्हणजे चार ते सहा टनांचा धक्का, आणि मध्ये फक्त सीटची पाठ. म्हणून टाकीची पोलादी चौकट गाडीच्या तळातून आरपार बोल्टांनी आवळतात, खालून जाड पत्रे लावतात आणि टाकी चालकामागच्या जाळीला शक्य तितकी चिकटून ठेवतात, म्हणजे भार मागच्या आसाच्या मागे लोंबत नाही. या चौकटीचे पैसे कित्येकदा टाकीपेक्षाही अधिक पडतात. पैसे वाचवायचेच असतील तर दुसरीकडे कुठेही वाचवावेत.

कायदाही आहेच. जास्त भरलेली गाडी पकडली तर भाराप्रमाणे शंभरापासून तीनशे पाऊंडांपर्यंत जागच्या जागी दंड होतो, आणि भार कमी केल्याशिवाय गाडी हलवू देत नाहीत. फारच जास्त असेल तर कोर्ट. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, ते वेगळेच.

मोठी व्हॅन घेणे हा मार्ग मोकळा होता. तिच्यात टनभर भार आरामात जातो. पण चार-पाच हजार पाऊंड जादा लागले असते, म्हणजेच कर्ज. त्याने तो विषय एकदाच काढला. तिने वही मिटून टेबलावर ठेवली आणि उठून गेली. पुन्हा त्याने काढला नाही.

आता प्रश्न चारशे की साडेतीनशे एवढाच उरला. पन्नास लिटरांवरून काय वाद घालायचा, असे कुणालाही वाटेल. पण वाद घरात नेहमी शेवटच्या पन्नास लिटरांवरच होतो. चौकटीसह टाकी सत्तर किलोंची धरली तर चारशे लिटरांना ४७० किलो होतात. उरतात पस्तीस. साडेतीनशेला ४२० होतात. उरतात पंच्याऐंशी.

“पस्तीस किलोही उरतातच की,” तो म्हणाला.

“पंच्याऐंशी किलो म्हणजे एक माणूस,” ती म्हणाली. “उद्या तुमच्या बहिणीचा मुलगा मदतीला आला, तर त्याला बसवणार कुठे?”

भाचा तेव्हा कॉलेजात होता आणि मामाबरोबर काचा धुवायला येण्याची त्याची चिन्हे नव्हती. पण हे बोलणे त्याला पटले. कदाचित भाच्यामुळे नसेल. दोन महिने वही लिहून लिहून त्यालाही आकड्यांची भाषा गोड लागू लागली असेल.

टाकी साडेतीनशेचीच आली. फक्त एक गोष्ट दोघांपैकी कुणाच्या ध्यानात आली नव्हती. पाणी भरायचे कसे? पाणी शुद्ध करणारे त्यांचे यंत्र दिवसाला तीनशे गॅलनांचे म्हणून विकत मिळाले होते. म्हणजे तासाला पंचेचाळीस-सत्तेचाळीस लिटर. रात्रभरात टाकी सहज भरावी. पण हे माप कोमट पाण्याचे आणि चांगल्या दाबाचे असते. थंडीत नळाचे पाणी बर्फासारखे गार झाले, की पडद्यातून पाणी निघण्याचा वेग निम्म्यावर येतो. दहा तासांत अडीचशे लिटरही होत नाहीत. आणि दर लिटर शुद्ध पाण्यामागे दीड-दोन लिटर पाणी क्षार घेऊन वाहून जाते.

यावर उपाय त्याने शोधला, आणि तो अगदी त्याच्या स्वभावातला होता. मागच्या अंगणात त्याने हजार लिटरचे, लोखंडी जाळीतले, कारखान्यांत वापरतात तसले पांढरे पिंप आणून ठेवले. घरमालकाची परवानगी काढली, खाली फरश्या नीट बसवल्या, कारण भरलेले पिंप म्हणजे एक टन. यंत्र रात्रंदिवस आपल्या गतीने पिंप भरत राहते, शनिवार-रविवारचे पाणीही त्यात साठते, आणि सकाळी लहान पंपाने वीसएक मिनिटांत व्हॅनची टाकी भरते. घरातल्या पाण्यावर वजनकाट्याचा हुकूम चालत नाही. मोठ्या टाकीची हौस फिटली, तीही योग्य जागी. वाहून जाणारे पाणी तिने बादल्यांत धरायला सुरुवात केली. संडासात, अंगण धुवायला, टोमॅटोच्या कुंड्यांना. मीटरचे पाणी आहे, फुकट नाही.

डिचोलीहून वडिलांचा फोन आला तेव्हा त्याने फोन फिरवून त्यांना पिंप दाखवले, व्हॅन दाखवली. म्हाताऱ्याने बराच वेळ टाकीकडे बघितले.

“एवढीशीच? इतक्या लांब जाऊन?”

“बाबा, एवढीच लागते.”

“किती लिटर लागते म्हणालास?”

“दोनशे सत्तर.”

“कुणी मोजले?”

“तुमच्या सुनेने,” तो म्हणाला. पलीकडे काही क्षण शांतता होती. मग म्हातारा म्हणाला, “तिला दे बघू फोन.” सासरा-सुनेचे काय बोलणे झाले ते त्याला कळले नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतले.

लहान टाकीचे सगळे सुखच असते असे मुळीच नाही. पहिल्या उन्हाळ्यात दोनदा पाणी संपले. पंप हवा ओढू लागला की एक खरखरीत आवाज येतो. तो आवाज दुपारी अडीच वाजता, अर्ध्या धुतलेल्या घरासमोर ऐकणे फार अपमानाचे असते. एकदा तर मालकीणबाई चहा घेऊन बाहेर आल्या होत्या. घरी जाऊन पाणी आणण्यात पाऊण तास गेला. त्या दिवशी तो चिडूनच घरी आला आणि साडेसहाशे लिटरचा जुना विषय पुन्हा निघाला. तिने वाद घातला नाही. वहीत त्या तारखेपुढे ‘पाणी संपले’ असे लिहिले, आणि पुढच्या महिन्यापासून पहिल्यांदा धुवायची घरे एकाच दिवशी दोनपेक्षा जास्त घेऊ नयेत असे सुचवले. सत्तर दिवसांत दोनदा. मोठी व्हॅन आणि तिच्या हप्त्यांपुढे हे फारसे महाग पडले नाही.

फायदे लहान लहान होते, लगेच डोळ्यांत भरणारे नव्हते. डिझेल कमी लागते. टायर आणि ब्रेक टिकतात. संध्याकाळी टाकी जवळजवळ रिकामी होते, त्यामुळे शिळे पाणी उरत नाही. हे वाटते तितके क्षुल्लक नाही. शुद्ध केलेल्या पाण्यातली क्लोरीन गेलेली असते, आणि असे पाणी उन्हात तापलेल्या गाडीत आठवडाभर पडून राहिले, तर त्यात रोगजंतू वाढू शकतात. मग तेच पाणी ब्रशमधून तुषार होऊन आपल्याच नाकातोंडात जाते. हिवाळ्यात मात्र टाकी मोठी असो की लहान, आधी गोठते ती नळी. म्हणून डिसेंबर-जानेवारीत रात्री व्हॅनमध्ये लहानसा हीटर लावावा लागतो, आणि पहाटे उठून तो बंद करण्याची पाळी मुलीची असते. ती कुरकुर करते, पण उठते.

भाचा आला, तो २०२५ च्या सप्टेंबरात. कॉलेज संपले, मनासारखी नोकरी मिळेना. आठवड्यातून तीन दिवस तो मामाच्या शेजारच्या सीटवर बसू लागला. त्याचे वजन बहात्तर किलो, त्यामुळे काट्याच्या दृष्टीने सगळे ठीक. पण दोघांच्या हातांत दोन ब्रश आले, घरे पंधराची चोवीस झाली, आणि दुपारी एकलाच पंप खरखरू लागला. आता दुसरी लहान व्हॅन घ्यावी, की ही विकून मोठी घ्यावी, की दुपारी जेवायला घरी येऊन पिंपातून पुन्हा भरून न्यावे? भाचा म्हणतो, मोठी घेऊया, तीत साडेसहाशेची टाकी बसेल. त्याला मागचे काही ठाऊक नाही.

परवा रविवारी सकाळी ती पाळीवरून परतली, तेव्हा नवरा मागच्या अंगणात उकिडवा बसला होता. समोर दहा लिटरची बादली होती, भाच्याच्या हातात ब्रश आणि मुलीच्या हातात घड्याळ. नव्या वहीच्या पहिल्या पानावर रेघा मारलेल्या होत्या, जरा वाकड्याच. तिने पिशवी आत ठेवली आणि चौघांचा चहा टाकला.